मुका मार



मराठीत 'मुका मार' असा एक फार नेमका शब्द आहे. डोक्याला खोक पडली, रक्त आलं, की तो मार बोलका असतो. बघणाऱ्याला तो दिसतो, धावाधाव होते, कुणी हळद आणतं, कुणी रिक्षा थांबवतं. मुका मार मात्र बाहेर काही दाखवत नाही. कातडी शाबूत असते आणि दुखणं आत असतं. आज मी ज्या दुखापतीबद्दल बोलणार आहे, ती या मुक्या मारांमधली सगळ्यात मुकी आहे. इंग्रजीत तिला कंकशन म्हणतात. आपण तिला मेंदूला बसलेला हादरा म्हणू. कबड्डी, फुटबॉल, क्रिकेट, कुस्ती, खो-खो, मुष्टियुद्ध, सायकल, दहीहंडी, जिथे जिथे माणूस माणसावर, जमिनीवर, खांबावर किंवा चेंडूवर आदळतो, तिथे तिथे हा हादरा बसू शकतो.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला खेळापासून लांब राहताच येत नाही. इथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं ऐकून बाहेरगावचा पाहुणा कुस्तीबद्दल विचारतो आणि आपण त्याला शाहू स्टेडियमवर फुटबॉल दाखवायला नेतो. अशा गावात वाढल्यामुळे खेळाडूंची भाषा कानावर पडत आली. आकाशवाणीने हा विषय सुचवला तेव्हा तज्ज्ञांनी लिहिलेलं वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. आणि एक गोष्ट लक्षात आली. या दुखापतीत औषधाचा वाटा थोडा आहे. मोठा वाटा आहे तो वेळेवर बोलण्याचा. खेळाडू बोलत नाही, दुखापत बोलत नाही, म्हणून तिसऱ्या कुणीतरी बोलावं लागतं. ते कुणी, कधी आणि काय बोलायचं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

आधी हे बघू, की आत होतं काय. आपला मेंदू लोण्यासारखा, खरवसासारखा मऊ असतो. तो कवटीत पातळ द्रवात तरंगत असतो. डोक्याला किंवा अंगाला जोराचा हिसका बसला, की कवटी थांबते पण मेंदू लगेच थांबत नाही. तो आतल्या आत हेलकावतो, पिळला जातो. मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात आणि पेशींमधल्या रसायनांचा तोल बिघडतो. तो सावरण्यासाठी पेशींना जास्त शक्ती हवी असते आणि नेमकी तेव्हाच ती कमी पडते. म्हणजे घर पडलेलं नसतं, पण घरातली वीज खाली-वर होत असते. म्हणूनच साध्या कंकशनमध्ये सी.टी. स्कॅन काढला तर तो बहुधा स्वच्छ येतो. स्कॅन रक्तस्राव दाखवतो, हाड मोडलेलं दाखवतो. हा हादरा त्याला दिसत नाही. 'रिपोर्ट नॉर्मल आला, उद्यापासून खेळ' हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे.

इथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा, की डोक्यालाच मार लागला पाहिजे. तसं नाही. कबड्डीत चढाईपटूला छातीवर जोराची धडक बसली आणि मानेला झटका बसला, तरी मेंदू हादरू शकतो. दुसरा गैरसमज जास्त पसरलेला आहे. माणूस बेशुद्ध पडला तरच मेंदूला मार, एरवी काही नाही, असं आपण धरून चालतो. पण कंकशन झालेल्या दहा खेळाडूंपैकी साधारण नऊ जण बेशुद्ध पडतच नाहीत. ते उठतात, अंगावरची धूळ झटकतात आणि खेळायला लागतात.

मग ओळखायचं कसं? आपल्या भाषेने काही खुणा केव्हाच टिपून ठेवल्या आहेत. 'डोळ्यांपुढे काजवे चमकले', 'डोकं सुन्न झालं', 'घेरी आली' हे आपण सहज बोलून जातो. मैदानावर कुणी असं म्हणालं, तर तो वाक्प्रचार न समजता तक्रार समजावी. डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणं, उजेड किंवा आवाज सहन न होणं, तोल जाणं, सगळं हळू चालल्यासारखं वाटणं, 'काहीतरी बरोबर नाही' असं वाटणं, या झाल्या खेळाडूने सांगायच्या गोष्टी. बघणाऱ्याने पाहायच्या वेगळ्या. पडल्यावर उठायला वेळ लागला का? पाय लटपटतात का? नजर शून्यात आहे का? डोकं धरून बसला आहे का? आपली जागा सोडून भलतीकडे उभा आहे का? एरवी शांत असणारा पोरगा उगाच चिडतो आहे किंवा रडतो आहे का? यातली एक खूणही पुरेशी आहे.

२०१४ सालच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. जर्मनी आणि अर्जेंटिना, ब्राझीलमधलं माराकाना मैदान. जर्मनीच्या ख्रिस्तोफ क्रामरच्या चेहऱ्यावर सामन्याच्या सुरुवातीलाच प्रतिस्पर्ध्याचा खांदा आदळला. तो पडला, उठला आणि खेळत राहिला. थोड्या वेळाने तो इटालियन पंच निकोला रिझोली यांच्याकडे गेला आणि हा सामना अंतिम आहे का, असं त्याने विचारलं. पंचांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी संघाच्या लोकांना सांगितलं आणि ३१व्या मिनिटाला क्रामरला बाहेर नेण्यात आलं. सगळं जग बघत असलेल्या त्या सामन्यात, डॉक्टरांचा ताफा बाजूला बसलेला असताना, तो हादरलेल्या मेंदूने सुमारे चौदा मिनिटं धावत होता. ओळख पटली ती एका प्रश्नामुळे आणि तो ऐकणाऱ्या कानांमुळे.

म्हणूनच मैदानावर काही साधे प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. तुझं नाव काय, हे विचारू नये; ते बहुधा बरोबरच सांगितलं जातं. विचारावं ते असं: आपण आत्ता कुठल्या मैदानावर आहोत? पहिला डाव चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना कुणाशी झाला? तो आपण जिंकलो का? मोठ्या माणसाचं यातलं एखादं उत्तर चुकलं किंवा अडखळत आलं, तर संशय पक्का धरावा. मात्र सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून संशय मिटत नाही. लहान मुलांना तर हे प्रश्न एरवीही अवघड जातात. त्यांच्या बाबतीत आईचा किंवा रोजच्या सवंगड्याचा शब्द मोठा मानावा. 'हा असा नसतो' हे वाक्य घरच्या माणसाइतकं खात्रीने कुणी म्हणू शकत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा फुटबॉल खेळतो. बचावपटू आहे. नववीत असताना एका सामन्यात हेड मारायला दोघे एकदमच उडाले आणि डोक्याला डोकं लागलं. टेंगूळसुद्धा आलं नाही. त्याने सामना पुरा केला. संध्याकाळी घरी त्याने आईला विचारलं, 'अम्मी, आज कोण जिंकलं?' तिने सांगितलं. भाकरी खाता खाता त्याने तेच पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने मला फोन केला, 'भाईजान, हा चेष्टा करतोय की काय, कळेना.' आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. स्कॅन नॉर्मल आला. पण पुढचे दहा-बारा दिवस तो धडा वाचायला बसला की पुस्तक मिटायचा. शाळेत मास्तरांना वाटलं, अभ्यासाचा कंटाळा आहे. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'मामू, अक्षरं हलतात.' मी आयुष्यभर अक्षरांशी खेळलो, पण या दुखण्याचं याहून नेमकं वर्णन मला सुचलं नसतं.

कधी कधी ही लक्षणं लगेच दिसतही नाहीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, कानाखाली बसला. स्मिथ पडला, बाहेर गेला, तपासण्या झाल्या, त्या त्याने पार केल्या. पाऊण तासाने तो परत फलंदाजीला आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तेव्हा डोकं जड, गुंगी आल्यासारखं. मग त्याला त्या सामन्यातून काढण्यात आलं आणि पुढच्या कसोटीलाही तो मुकला. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटी क्रिकेटमधला पहिला कंकशन बदली खेळाडू. जगातल्या उत्तम वैद्यकीय पथकासमोर लक्षणं जर रात्रभर लपून राहू शकतात, तर आपल्या गल्लीतल्या मैदानावर 'आता बरं वाटतंय का रे?' एवढ्या चौकशीवर विसंबता येत नाही.

आता त्याहून गंभीर गोष्ट. कवटीत रक्तस्राव होणं ही कंकशनपेक्षा वेगळी आणि जिवावरची दुखापत आहे. पण पहिल्या काही मिनिटांत दोन्ही सारख्याच दिसू शकतात. १९९८च्या फेब्रुवारीत ढाक्यात एका क्लब सामन्यात आपला रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला उभा होता. चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला आणि उडून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. फलंदाज बाद झाला. लांबा स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. थोड्या वेळाने त्याची प्रकृती ढासळली, शस्त्रक्रिया झाली आणि तीन दिवसांनी तो गेला. वय अवघं ३८. चालत गेला म्हणजे बरा आहे, असं म्हणणाऱ्याला ही एक गोष्ट सांगावी.

तेव्हा ही धोक्याची लक्षणं पाठ असू द्या: मानेत दुखणं, एकाची दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा लुळेपणा, वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झटका येणं, शुद्ध हरपणं, गुंगी वाढत जाणं, अस्वस्थपणा किंवा आक्रमकपणा वाढत जाणं. यातलं काहीही दिसलं, की १०८ला फोन आणि थेट रुग्णालय. खेळाडू बेशुद्ध असेल तर मानेलाही दुखापत आहे असंच समजावं. चौघांनी हातपाय धरून त्याची उचलबांगडी करू नये. श्वास चालू आहे ना ते पाहावं, डोकं-मान हलू देऊ नये, हेल्मेट ओढून काढू नये, तोंडात पाणी ओतू नये. कांदा हुंगवणं आणि गालावर चापट्या मारणं हे आपले जुने उपाय इथे काही कामाचे नाहीत.

इतकं सगळं माहीत असूनही ही दुखापत लपते का? कारण ती लपवण्यात आपल्याला पराक्रम वाटतो. पडल्यावर माती चोळून उठणारा गडी आपल्याला आवडतो. बाहेर जायचं म्हटलं की 'रडीचा डाव' म्हणून चिडवणारे आपणच असतो. पण याला पोटाची बाजूही आहे. कबड्डी किंवा खो-खो खेळणाऱ्या किती तरी मुलामुलींसाठी खेळ हा नोकरीचा रस्ता आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. पोलीस आणि रेल्वेचे संघ याच स्पर्धांमधून माणसं हेरतात. उपांत्य फेरीत डोकं गरगरतंय असं सांगितलं, तर बाकावर बसावं लागेल आणि बाकावर बसलेल्याला कोण निवडणार? अशा वेळी सतरा वर्षांच्या पोराने स्वतः खरं सांगावं अशी अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय जो मेंदू निर्णय घेणार, तोच हादरलेला आहे. म्हणून बाहेर जायचं की नाही, हा प्रश्न खेळाडूला विचारायचाच नसतो. संशय आला की त्याला बाहेर घ्यायचं. त्या दिवशी परत पाठवायचं नाही. सामना अंतिम असला तरी नाही.

हा नियम इतका कडक का? कारण पहिला हादरा भरून निघण्याआधी दुसरा बसला, तर मेंदूला अचानक मोठी सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा बहुधा किशोरवयीन मुलांमध्ये आणि बहुधा जीवघेणं ठरतं. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ साली शालेय रग्बीच्या सामन्यात एका १४ वर्षांच्या मुलाला असेच एकाच सामन्यात पुन्हा पुन्हा मार बसले. प्रत्येक वेळी तो उठून खेळत राहिला. अखेर कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. त्याच्या आईवडिलांनी पुढे ही माहिती शाळाशाळांत पोहोचावी म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. ब्रिटनमध्ये आज हौशी खेळांसाठी जे नियम आहेत, त्यांच्या मागे अशा घरांचं दुःख आहे. त्या नियमांचं सूत्र एका ओळीचं आहे: शंका असेल, तर बाहेर बसवा.

बाहेर बसवल्यानंतर काय करायचं, तेही पाहू. पहिले काही तास त्याला एकटं सोडू नये. मोटारसायकल चालवू देऊ नये. घरी कुणीतरी पोहोचवावं. दारू अजिबात नको. डोकं दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या सुरुवातीला नकोत, कारण आत रक्तस्राव असेल तर त्या तो वाढवू शकतात. रात्री झोपूच द्यायचं नाही अशी एक समजूत आहे. डॉक्टरांनी तपासलं असेल आणि धोक्याचं लक्षण नसेल, तर झोप चांगलीच. फक्त जवळ कुणीतरी असावं आणि उठवलं तर तो नीट जागा होतो ना, एवढं बघावं.

पूर्वी अशा रुग्णाला अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायला सांगत. आता शास्त्र बदललं आहे. २०२२ साली ॲमस्टरडॅममध्ये जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ठरवलेला मार्ग पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातल्या घरात वावर, थोडं चालणं चालतं. मोबाईल आणि टीव्ही मात्र या दोन दिवसांत कमीत कमी. त्यानंतर हलका व्यायाम केलेला उलट चांगला, फक्त त्याने त्रास फारसा वाढता कामा नये.

पुढे परतीचा जिना एक-एक पायरीने चढायचा. कबड्डीचं उदाहरण घेऊ. पहिली पायरी रोजची साधी कामं. दुसरी चालणं किंवा जागेवरची सायकल. तिसरी एकट्याने धावणं, पदलालित्याचा सराव. चौथी चढाईचे डावपेच, पण कुणी पकड करायची नाही. पाचवी डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव, पकडीसकट. सहावी सामना. प्रत्येक पायरीवर निदान एक पूर्ण दिवस. त्रास वाढला तर थांबून एक पायरी खाली यायचं. मोठी माणसं बहुधा दोन आठवड्यांत बरी होतात, मुलांना चार आठवडेही लागतात. ब्रिटनच्या २०२३च्या नियमांत तर हौशी खेळाडूने २१ दिवसांच्या आत सामना खेळूच नये असं म्हटलं आहे. आपल्याकडे गावोगावच्या मैदानांवर डॉक्टर नसतात. तिथे हा तीन आठवड्यांचा हिशेब पाळणं मला शहाणपणाचं वाटतं. आणि विद्यार्थी असेल तर आधी शाळा, मग मैदान. शाळेत सुरुवातीला अर्धा दिवस, मध्ये विश्रांती, परीक्षेत सवलत. अक्षरं हलणाऱ्या मुलाला शिक्षा नको, थोडा वेळ द्यायला हवा.

आता टाळण्याबद्दल. हेल्मेट हे पहिलं नाव डोळ्यांपुढे येतं आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली, जिवावर बेतलं. वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्यांच्या कवटीत बसवलेली धातूची पट्टी २०२२ साली, साठ वर्षांनी, मुंबईत काढण्यात आली. पुढे हेल्मेट आलं आणि असे किती तरी जीव वाचले. पण २०१४ मध्ये सिडनीत फिलिप ह्यूजला चेंडू लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेवर. दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर मानेचं रक्षण करणारी जोड हेल्मेटला आली. २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत वेगवान गोलंदाजीसमोर फलंदाजाला, यष्टीजवळ उभ्या राहणाऱ्या यष्टिरक्षकाला आणि फलंदाजापुढे जवळ उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाला हेल्मेट सक्तीचं झालं आहे. सीझन बॉलने खेळणाऱ्या प्रत्येक शाळेने हा नियम उचलावा. फक्त एवढं लक्षात ठेवावं, की हेल्मेट कवटी वाचवतं. आतला हेलकावा पूर्ण थांबवणं त्याला शक्य नाही. तडा गेलेलं, दुसऱ्याच्या मापाचं, पट्टा न लावलेलं हेल्मेट तर नुसती समजूत घालतं.

फुटबॉलमध्ये प्रश्न वेगळा आहे. तिथे डोकं हेच हत्यार. इंग्लंडचा जेफ ॲसल हेडिंगसाठी प्रसिद्ध होता. तो २००२ मध्ये ५९व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने गेला. वर्षानुवर्षं चेंडू डोक्याने मारल्याने मेंदूला इजा झाली, असा निष्कर्ष मृत्यूच्या अधिकृत चौकशीत निघाला आणि त्याला व्यवसायजन्य आजार म्हटलं गेलं. याचा अर्थ प्रत्येक हेडने स्मृती जाते असा नाही, आणि एखाद्या हादऱ्याची नीट काळजी घेतली तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. पण लहान वयापासून साठत जाणाऱ्या धक्क्यांची भीती खरी आहे. म्हणून अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने प्राथमिक शाळेच्या वयात हेडिंगचा सराव थांबवला. आपल्या तालमींच्या लहान गटांनाही हे सहज करता येईल. पैसा लागत नाही.

बाकी उपायही तसे साधेच आहेत. खो-खोच्या खांबाला आणि गोलच्या खांबांना गादी गुंडाळणं. कबड्डीच्या मैदानातले खडे वेचणं, सिमेंटवर सामने न घेणं. पकड करताना डोकं कुठे ठेवायचं आणि पडताना मान कशी आवळायची, हे डावपेचांच्या आधी शिकवणं. सरावात रोज पूर्ण ताकदीच्या धडका न घेणं. दहीहंडीला महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. मग साहसी खेळाची शिस्तही आली पाहिजे. वरच्या थरावर चढणाऱ्याला हेल्मेट, दोर आणि खाली गादी हवी.

नियमही मदत करतात, पण ते माणसांनी पाळायचे असतात. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये बदली खेळाडूची सोय आली. त्यामुळे हादरा बसलेल्या खेळाडूला 'संघाचं नुकसान होईल' म्हणून दडपण घ्यायचं कारण उरलं नाही. ३१ जानेवारी २०२५ला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध फलंदाज शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू बसला, त्याच्या जागी वेगवान गोलंदाज हर्षित राणा आला आणि त्याने तीन बळी घेतले. ही अदलाबदल बरोबरीची होती का, यावर मोठा वाद झाला. त्याच वर्षी नियम बदलले. बदली खेळाडूंची नावं आता सामन्याआधीच द्यावी लागतात आणि कंकशन झालेल्या खेळाडूला निदान सात दिवस बाहेर बसावं लागतं. फायदा कुणाला झाला याची चर्चा आपण खूप केली. ज्याच्या डोक्याला लागलं तो रात्री कसा झोपला, याची चौकशी त्यामानाने कमी झाली.

शेवटी एक विनंती. स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाने, शाळेने, तालमीने मैदानावर एक माणूस नेमावा. तो प्रशिक्षक नसावा, कर्णधार नसावा, आणि सामना कोण जिंकतो याच्याशी त्याचा संबंध नसावा. धोक्याची लक्षणं लिहिलेला एक कागद त्याच्या खिशात असावा, जवळच्या रुग्णालयाचा फोन नंबर असावा, आणि 'हा आज खेळणार नाही' हे त्याचं वाक्य पंचांनी आणि प्रेक्षकांनी अखेरचं मानावं. त्या खेळाडूच्या घरी काय झालं ते त्यानेच कळवावं, चिठ्ठीवर लिहून द्यावं; कारण हादरलेलं पोर घरी जाऊन काहीच सांगत नाही. आणि आपण जे कठड्याला टेकून सामना बघतो, त्यांनी एवढं करावं, की बाहेर येणाऱ्या गड्यासाठीही टाळ्या वाजवाव्यात.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)